जंतूला झोपवणारं प्रथिन

माझी थोरली बहीण क्षयाने गेली, आणि ती आजारी होती त्या सगळ्या काळात मी क्षयाच्या जंतूवरच काम करत होते. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "मग तुम्हाला काहीच करता आलं नाही?" याचं उत्तर "नाही" एवढंच आहे. पण ते नुसतं तसं सांगून भागत नाही, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

बहिणीला आम्ही घरात बाय म्हणायचो. आमचा पाडा पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. खाली भाताचे तुकडे, वर माळावर नागली, म्हणजे नाचणी. भात घरात आलं की पाड्यातली चालती माणसं कामाला बाहेर पडतात, वसईकडे नाहीतर भिवंडीकडे, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर. मला आश्रमशाळेत घातलं आणि बाय आईबाबांबरोबर भट्टीवर गेली. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. ती मोठी होती, तिला विटा उचलता येत होत्या, मला येत नव्हत्या.

दर वर्षी ती तिकडून हिंदी घेऊन यायची. मुकादमाची हिंदी, ट्रकवाल्याची हिंदी. घरी आली की बकऱ्यांना हिंदीत रागवायची. "ए चल, उधर कहाँ जाती है, सीधा चल." बकऱ्या खरंच सरळ चालायच्या. आई म्हणायची, "आमचं ऐकत नाहीत, तुझं बरं ऐकतात." बाय म्हणायची, "त्यांना वाटतं शेठ आला."

लग्न झाल्यावरही ती आमच्याच पाड्यात राहिली, आमच्या घराला लागून. बाबा त्याआधीच गेले होते. दाजी मूळचे खोडाळ्याच्या बाजूचे. त्यांच्याकडे कधीच जमीन नव्हती, रोजच्या मजुरीवर घर चालायचं, म्हणून तेच इकडे आले. मूलबाळ झालं नाही. मी मोखाड्याला शिकले, मग जव्हारच्या कॉलेजात, आणि तिथून शिष्यवृत्तीवर शहरात, एका संशोधन संस्थेत. माझ्या कामाबद्दल घरात एवढंच माहीत होतं की मी "जंतूंचं शिकते".

ते काम काय होतं हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत घालतं. त्या भिंतीच्या आत हवा कमी होते. जंतूला हे कळावं लागतं, आणि ते कळून घेण्यासाठी त्याच्याकडे एक प्रथिन असतं. त्या प्रथिनाच्या एका टोकाला लोहाचा अणू धरून ठेवलेला असतो, आपल्या रक्तात असतो तसाच. हवा भरपूर असली की त्या लोहाला प्राणवायू चिकटलेला असतो आणि प्रथिन गप्प असतं. प्राणवायू सुटला की त्या टोकाचा आकार किंचित बदलतो. इतका किंचित की तो मोजायलाच आमची वर्षं जातात. तो बदल प्रथिनाच्या अंगातून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, तिथे फॉस्फेटचा एक कण चढतो, आणि प्रथिन तो कण दुसऱ्या एका प्रथिनाच्या हवाली करतं. ते दुसरं प्रथिन जाऊन जंतूच्या जनुकांवर बसतं. मग जंतू वाढायचा थांबतो. मरत नाही. झोपतो. आणि जी औषधं आहेत ती मुख्यतः जागा असलेला, वाढणारा जंतू मारतात. झोपलेल्याला मारायला त्यांना फार वेळ लागतो, म्हणून गोळ्या इतके महिने घ्याव्या लागतात. तरीही कधीकधी थोडे उरतात.

या टोकाचा बदल त्या टोकापर्यंत कसा पोचतो, प्रथिनाचा कुठला भाग आधी वळतो आणि कुठला नंतर, एवढाच माझा प्रश्न होता. एका साध्या, निरुपद्रवी जंतूकडून ते प्रथिन तयार करून घ्यायचं, थंड खोलीत स्वेटर घालून ते शुद्ध करायचं, आणि मोठ्या चुंबकात ठेवून त्याची हालचाल पाहायची. अर्ध्या वेळा ते वाटेतच नळीच्या तळाशी दह्यासारखं साकळून बसायचं. मला ते काम आवडायचं. आजही आवडतं.

बाय एका फाल्गुनात कामावरून परतली ती खोकत. मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या. मला फोनवर कळलं तेव्हा खरं तर मी फार घाबरले नाही. बरा होणारा आजार आहे, औषध फुकट आहे, घेतलं की बरा होतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि ते खरंच आहे. बहुतेक माणसं बरी होतात.

तिने गोळ्या घेतल्या. चूल पेटवली की आधी गोळी, मग चहा. मळमळायचं, तोंडात कडू पाणी यायचं, तरी घ्यायची. त्या औषधाने लघवी नारिंगी होते. पहिल्यांदा झाली तेव्हा ती हादरली, पाड्यावर औषधं पोचवणाऱ्या आशाताईने समजावल्यावर हसत सुटली. मग रोज सकाळी परसातून आली की आईला ओरडून सांगायची, "आज पण झेंडूसारखी!" आई लाजायची. हंगामाचे उरलेले महिने गोळ्यांत खंड पडू नये म्हणून बाय परत कामाला गेलीच नाही. दाजी एकटे गेले. पाड्यात तिच्या वयाच्या बायकांमध्ये ती एकटीच मागे राहिली म्हणून तिला करमायचं नाही, तर दुपारी माझ्याशी फोनवर बोलायची. माळाच्या टोकाला एका खडकावर उभं राहिलं तरच रेंज येते. ती तिथे उभी राहून खोकत नाही हे मला मुद्दाम ऐकवायची. "बघ, एवढं चढून आले, खोकला आला का?"

औषध संपलं, थुंकी स्वच्छ आली. अंगावर मांस आलं. खोडाळ्याच्या बाजारात जाऊन तिने हिरव्या बांगड्या भरल्या आणि त्यांचा फोटो मला पाठवला, नुसत्या हातांचा.

पुढच्या वर्षी नागली कापताना तिला पुन्हा खोकला सुरू झाला.

मी रजा घेऊन आले आणि तिला छातीच्या फोटोसाठी जव्हारला नेलं. सकाळी फोटो काढला, डॉक्टर दुपारनंतर बघणार होते. तेवढा वेळ रुग्णालयाच्या बाकावर काढायचा म्हणजे शिक्षाच, म्हणून मी म्हटलं, चल, शिरपामाळला जाऊ. ती म्हणाली, "इतक्या वेळा जव्हारला आले, तिथे कधी गेले नाही. तिथे आपलं काय काम?" आम्ही रिक्षा केली.

माळावर शहरातली माणसं आली होती. महाराज इथे थांबले होते म्हणून येतात, फोटो काढतात, वारा खातात. आम्ही एका बाजूला दगडावर बसलो. आमचं बोलणं घरच्या भाषेत व्हायचं. ते इथे मराठीत लिहिताना तिची चाल निघून जाते, पण दुसरा इलाज नाही.

ती म्हणाली, "तू जे शिकतेस ते दाखव ना एकदा."

माझ्या मोबाईलमध्ये त्या प्रथिनाची संगणकावर केलेली चित्रफीत होती. निळ्या-पिवळ्या फितींचा गुंता, सारखा थरथरणारा. मी दाखवली.

"हे काय?"

"हे प्रोटीन."

"प्रोटीन?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आशाताई म्हणते प्रोटीन खा. अंडी, डाळ, शेंगदाणे. तू अंड्यांवर शिकतेस?"

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ती पदर तोंडावर धरून बराच वेळ वाकून राहिली. जवळ एक जोडपं फोटो काढत होतं. ते लांब सरकलं.

उबळ थांबल्यावर मी सांगितलं की प्रोटीन सगळ्यांमध्ये असतं. अंड्यात, आपल्या अंगात, त्या जंतूच्या अंगातही.

"म्हणजे त्याच्यात आहे," ती म्हणाली, "आणि माझ्यात कमी पडतं म्हणतात."

"हो."

"आणि हे थरथरतं का? जिवंत आहे?"

"नाही. जंतू जिवंत असतो. हा त्याच्या आतला एक भाग. ऊब असते तोवर सगळंच हलत असतं."

"हे काय करतं?"

मी शब्द शोधत सांगितलं. हवा कमी झाली की याला कळतं. मग हे जंतूला सांगतं की आता पडून राहा. औषध निघून गेलं, माणूस बरा झाला, की मग कधीतरी जंतू उठतो.

ती मोबाईलकडे बघत होती. बघता बघता चित्रफीत संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"मग माझी काही चूक नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"दाजींना सांग हे. ते विचारत होते, कुठली गोळी चुकली का म्हणून. नीट सांग त्यांना. माझं सांगितलेलं त्यांना पटत नाही."

मी सांगेन म्हटलं. आणि सांगितलंही, नंतर, फोनवर. ते "हां, हां" म्हणत राहिले. त्यांना काय कळलं मला माहीत नाही. त्यांच्या बाजूला कुठेतरी मिक्सर फिरत होता, सिमेंटचा.

दुपारी डॉक्टरांनी फोटो बघितला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी झाली होती. तरुण डॉक्टर होते, चांगले होते, घाई करत नव्हते. त्यांनी औषध पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि थुंकी पुढच्या तपासणीला पाठवली. मग आम्ही नोंदीच्या खिडकीशी गेलो. तिथल्या माणसाने जुनी नोंद काढली, बायकडे बघितलं आणि म्हणाला, "दुसऱ्यांदा? म्हणजे मधे गोळ्या बुडवल्या असणार."

तो शाळेतलं मराठी बोलत होता. बायला ते समजायचं, पण उत्तर जुळवायला वेळ लागायचा, आणि उत्तराला वेळ लागला की ऐकणाऱ्याला वाटतं माणूस खोटं बोलतो आहे. तिच्या तोंडून नुसतं "नाय" आलं.

मी म्हटलं, "तिने एकही गोळी चुकवली नाही."

"सगळे असंच म्हणतात, मॅडम."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. लोहाचा अणू, फॉस्फेट, झोपलेले जंतू. मागे रांग होती. एक म्हातारा काठी टेकून उभा होता, एका बाईच्या कडेवर मूल रडत होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तरी त्याने नोंदीत काय लिहिलं असतं? त्या नोंदीत झोपलेल्या जंतूसाठी जागाच नव्हती.

बसमध्ये बाय खिडकीशी बसली. मोखाड्याला उतरताना म्हणाली, "नारिंगी होत होती, हे सांगायला हवं होतं."

मी शहरात परतले. आमच्याकडे एक रसायन होतं, त्याने ते प्रथिन अडायचं. नळीत ठेवलं की लोहाचा प्राणवायू सुटला तरी पुढचा निरोप जायचा नाही. प्रयोग माझाच होता. मी मॅडमच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्या खोलीत गेले आणि विचारलं, याच्यापासून औषध व्हायला काय लागेल.

त्यांना बायचं माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जंतूच्या स्वतःच्या कवचातून ते आत जात नाही," त्या म्हणाल्या. "तूच दाखवलंस ना."

"हो."

"आत जाईल असं बनवायचं म्हटलं तरी वर्षं लागतील. आणि त्यानंतर..."

"मला माहीत आहे, मॅडम."

"मग विचारलंस कशाला?"

"असंच."

त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला, आणि आम्ही दोघी तो प्यायलो. चहाच्या वेळी कामाचं बोलणं झालं नाही, हे मला आठवतं.

आणि त्याच हिवाळ्यात मला उत्तर मिळालं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं. प्रथिनाच्या मधल्या भागात लांब पीळ आहेत, दोन शेजारी-शेजारी. ते एकमेकांवर किंचित फिरतात आणि तेवढ्याने दुसरं टोक उघडतं. आलेखावरचे ठिपके एका बाजूला सरकले होते, पुन्हा करून बघितलं तरी सरकले. प्रयोगशाळेत सगळे माझ्या संगणकाभोवती जमले. कुणीतरी पेढे आणले. त्याच आठवड्यात आईने फोनवर सांगितलं, बायला आता भाकरी गिळवत नाही, पेज देते.

तपासणीचा निकाल आला. नेहमीच्या मुख्य औषधाला तिचा जंतू आता दाद देत नव्हता. दुसरी औषधं सुरू झाली, जास्त जड. त्यांनी तिच्या पायाला मुंग्या यायच्या, कानात आवाज यायचे. तरी ती घ्यायची. मी संक्रांतीनंतर घरी आले ते राहायलाच. तिचा हात हातात घेतला की हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकायच्या. बकऱ्या विकून टाकल्या होत्या, तिला त्यांच्या मागे जाणं जमत नव्हतं म्हणून. दाजी काम सोडून आले होते. ते बाहेर ओट्यावर बसून असायचे. आत आले की काय करावं हे त्यांना सुचायचं नाही, पाणी भरलेला तांब्या पुन्हा भरून ठेवायचे.

एका सकाळी, भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला पालापाचोळ्याचे राब जाळायचे दिवस होते, बायला खोकल्यातून रक्त आलं. आधीही थोडं थोडं यायचं. हे तसं नव्हतं. आईने खाली परात धरली. दाजी धावत जाऊन रस्त्यावरून जीप घेऊन आले. बाजाराचा दिवस होता. जीपमध्ये खोडाळ्याला निघालेली माणसं होती, ती उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एका बाईने आपला टॉवेल आत टाकला.

मी मागच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसले. वळणं आली की तिचं डोकं माझ्या पोटावर यायचं. ती शुद्धीत होती. तिने माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "खिडकी उघड."

खिडकी उघडीच होती. वारा येत होता, बाहेर राबाचा धूर दिसत होता. मी म्हटलं, "उघडली." तिने मान हलवली. दाजी पुढून सारखे म्हणत होते, "आलं मोखाडा, आलं." मोखाडा यायच्या आधी ती गेली. मला कळलं होतं. मी दाजींना सांगितलं नाही, त्यांचं "आलं, आलं" चालूच होतं, दवाखान्याच्या दारापर्यंत.

माझा शोधनिबंध पुढे छापून आला. त्यात पिळांची चित्रं आहेत, सुंदर आहेत. ज्यांना बघायची असतील त्यांना बघता येतात. आभारात मी बायचं लिहिलं होतं, मग काढून टाकलं. त्या पानावर तिचा काय संबंध हे मला कुणाला सांगता आलं नसतं. चार ठिकाणांहून चांगली पत्रं आली. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने आमच्या त्या रसायनात बदल करून पाहिला. तेही जंतूच्या आत गेलं नाही.

बायचे दिवस झाल्यावर घरातल्यांची तपासणी झाली. ज्यांनी तिच्याजवळ राहून तिचं केलं त्या सगळ्यांची. दाजींच्या तपासणीत काही निघालं नाही. ते परत कामाला गेले, आता फारसे येत नाहीत. माझ्या आणि आईच्या तपासणीत निघालं. म्हणजे आजार नाही, पण जंतू आत असल्याची खूण. माझ्या छातीत तो कुठेतरी आहे आणि त्याच्या आत ते प्रथिन आहे, ज्याचा आकार मला डोळे मिटूनही काढता येतो. मला वाटलं होतं हे कळल्यावर मला काहीतरी मोठं वाटेल. काही वाटलं नाही. आजार होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या, त्या मी घेतल्या.

आईने घेतल्या नाहीत.

मी तिला सांगितलं, आशाताईने सांगितलं, मोखाड्याहून नर्स येऊन बसली तिने सांगितलं. आईने तिला चहा केला, ऐकून घेतलं, गोळ्या ठेवून घेतल्या. नर्स गेल्यावर मी पुन्हा विषय काढला. आई सूप घेऊन नागली पाखडत होती.

"आई, घे ना. माझं ऐक."

"तिने घेतल्या," आई म्हणाली. "मी बघत होते. रोज बघत होते."

"ते वेगळं होतं, आई."

"काय वेगळं?"

मी सांगायला लागले. आजार व्हायच्या आधी औषध घेतलं तर आत जंतू थोडे असतात, ते मरण्याची शक्यता जास्त असते. हे बरोबर आहे, आम्ही तसंच शिकतो. मधेच तिने विचारलं, "म्हणजे नक्की मरतात?"

मी म्हटलं, "बहुतेक."

"तिच्या वेळी पण तू हेच म्हणाली होतीस. बहुतेक बरे होतात म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. सूप थांबलं नव्हतं.

मी तिच्याशी खोटं बोलू शकले असते. नक्की मरतात म्हटलं असतं तर कदाचित तिने घेतल्या असत्या. मला ते तेव्हा सुचलं नाही, आणि आता म्हटलं तर तिला कळेल.

मी अजून त्याच संस्थेत आहे, त्याच प्रथिनावर. दुसरं काही मला येत नाही. दिवाळीला आणि होळीला घरी जाते. आई हल्ली लवकर दमते. वय झालं म्हणते, आणि झालंही आहे. गोळ्या मडक्यांच्या फळीवर पिशवीत आहेत. मागच्या खेपेला मी पिशवी उघडून बघितली, त्यांची मुदत संपत आली आहे. आईने विचारलं, काय शोधतेस. मी म्हटलं, मीठ.